एक्केचाळीस अर्जांचं मानपत्र

“चांगलं लिवा,” जगन म्हणाला आणि गप्प झाला.

मी कीबोर्डावर बोटं ठेवून वाट बघत राहिलो. डोक्यावरचा पंखा दोनदा दमून थांबला, समोरून रोह्याची एसटी आली, भरली, निघून गेली, तरी जगन गप्पच. चोवीस वर्षांत हा माणूस माझ्या काउंटरपुढे असा अडलेला मी पाहिला नव्हता. एरवी तक्रार सांगायला आला की भरतीच्या वेळी खाडीच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, फुटावी तसं त्याचं तोंड सुटायचं, आणि मला मध्ये टिंब द्यायलासुद्धा फट मिळायची नाही.

“चांगलं म्हणजे काय?” मी विचारलं.

“मानपत्रात असतं तसं वो. कर्तव्यदक्ष, आनखी काय ते दक्ष. केरू रिटायर व्हतोय. रविवारी चार वाजता सत्कार ठेवलाय देवलात. शाल आणली, नारळ आणला, फ्रेमपन सांगितली. आत घालायचा कागद तेवढा नाय.”

“मग केरूबद्दल तूच सांग चार वाक्यं. तुझ्याइतका त्याला कोण ओळखतो?”

जगननं मान खाजवली. “मला त्याच्याबद्दल वाईटच पाठ हाय, कमलाकरभाऊ. चांगलं बोलायचा परसंगच कवा आला नाय.”

हे मात्र खरं होतं. केरू म्हणजे खारनिवळीचा पाणी सोडणारा. खारनिवळी आमच्या पेणच्या खाडीकडचं गाव. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण तोंडात घ्याल तर जेवणात आठवडाभर मीठ घालायला नको. पिण्याचं पाणी येतं ते लांबून, एकाच पायपातून, दिवसाआड. गावात तीन आळ्या आणि तीन व्हॉल्व्ह. केरू हातात लोखंडी किल्ली घेऊन पहाटेच निघायचा आणि एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडत-मिटत जायचा. जगनचं घर शेवटच्या, म्हणजे खालच्या आळीच्या शेवटच्या टोकाला. तिथंवर पोचेपर्यंत पाणी बिचारं चालून चालून दमलेलं असायचं, आणि मग जगन पेणला माझ्याकडं अर्ज टाइप करायला यायचा.

आता त्या अर्जांबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. साधा अर्ज साहेब लोक वाचत नाहीत, अशी माझी पहिल्यापासूनची समजूत. ‘पाणी कमी दाबाने येते’ असं लिहिलं तर तो कागद फायलीत जाऊन झोपतो. म्हणून मी लिहायचो, ‘धार इतकी बारीक की सुईत ओवता यावी.’ एकदा लिहिलं, तहानेनं व्याकूळ झालेल्या म्हशीनं नळाची तोटी चघळून खाल्ली. एका वर्षी जगन सांगत आला की नळातून बोटाच्या पेराएवढं माशाचं पिल्लू निघालं. मी टाइप करत गेलो आणि पिल्लू वाढत गेलं. खाली ‘आपला नम्र’ येईपर्यंत त्याचा दीड फुटी जिताडा झाला होता.

जगननं वाचून पाहिलं. “येवढा?”

“अर्जात एवढाच असतो,” मी म्हणालो.

त्यानं सही केली.

तर मानपत्राचं सांगून जगन गेला आणि त्याची पाठ वळते न वळते तोच एक बाई काउंटरपुढं उभी राहिली. कमरेला आवळलेला पदर, हातात रिकामी पाटी. बाजारात वालाच्या शेंगा विकून आली असावी.

“ते पान्याचे अर्ज लिवनारे तुमीच ना?”

“मीच. काय लिहायचंय?”

“लिवायचं नाय, सांगायचं हाय. मी धोंडुबाय. केरू माजा नवरा.”

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

“त्या माशापायी त्यांना तीन खेपा हापिसात बलावला. सायब बोलला, मासा कुठं हाय तो दाखव. आता नसलेला मासा माणूस दाखवनार कुठून? तिसऱ्या खेपेला हे वैतागले, बोलले, ज्यानं अर्ज केला त्यानं खाल्ला. तवा कुठं कागद मिटला. तुमी काय, टाइप करून मोकले.”

मी पंख्याकडं बघितलं. पंख्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

“आता तो जगन येऊन गेला ना? मानपत्र सांगायला?” ती म्हणाली. “हे रविवारी येतच नव्हते. बोलतात, येकतीस वरसं शिव्या घातल्या, आता शाल घालतील आन गोड गोड खोटं वाचतील. ते बसून ऐकायला मी काय म्हस हाय? मी कसंबसं तयार केलंय. पन चप्पल पायात घालूनच बसनार, बोलले. खोटं येक वाक्य कानावर आलं का उठनार आन चालू पडनार. सगल्या गावासमोर.”

“मग काय करू म्हणता?”

“खरं लिवा. आन चांगलं लिवा.”

“दोन्ही एकदम?”

धोंडुबाईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी उगाच कीबोर्ड पुसायला घेतला.

“येकतीस वरसांत येक तरी गावंल की वो भाऊ,” ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर उपडी घालून उन्हात निघून गेली.

झालं. उभ्या जन्मात मी फुगवल्याशिवाय एक ओळ लिहिलेली नाही. माझ्या स्वतःच्या लग्नपत्रिकेत मी आहेराला हत्ती घातला होता, तो वडिलांनी छापखान्यात जाऊन काढला. आणि आता खरं लिहायचं, तेही चांगलं, तेही रविवारी चारच्या आत.

शनिवारी दुकानात मी एकटा. दुकान तसं आता माझी सून भूमिका चालवते. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले, सगळं तिच्याकडं. मी नुसता जुन्या गिऱ्हाइकांपुरता शोभेला बसतो. पण ती भावाच्या साखरपुड्याला रोह्याला गेली होती. तिचा भाऊ धाटावला कंपनीत शिफ्टला, त्याला रजा मिळाली ती ह्याच शनिवार-रविवारी, म्हणून साखरपुडाही तेव्हाच धरला.

आमच्या लिहायच्या प्रोग्रॅमात यंदा एक मदतनीस आला आहे. कागदाच्या उजव्या अंगाला बसून असतो आणि विचारलं की लिहून देतो. भूमिका त्याला असिस्टंट म्हणते. मी जावई म्हणतो. एक तर तो आयता बसलेला असतो, आणि दुसरं म्हणजे बोलण्यात इतका अदबीचा की त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

मी त्याला म्हटलं, खारनिवळीच्या केरूचं मानपत्र लिही.

डोळ्याची पापणी लवायच्या आत त्यानं पान भरून टाकलं. ‘श्री. केरू हे जलव्यवस्थापन क्षेत्रातील एक दूरदर्शी व्यक्तिमत्त्व असून, त्यांच्या नेतृत्वाखाली समाजाने प्रगतीची नवी शिखरे गाठली आहेत.’ खारनिवळीत सगळ्यात उंच शिखर म्हणजे मिठाची रास. मी डोळ्यांपुढं केरूला आणलं, आणि पहिल्याच ओळीला तो उठून चालू पडलेला मला दिसला.

रोह्याला फोन लावला. मागं बायकांचा गलका आणि बँडवाल्याचा सूर लावणं चाललं होतं.

“बाबा, त्याला नुसतं लिही म्हणू नका,” भूमिका म्हणाली. “मग तो मनाचं लिहितो. आपल्या जुन्या फायली दाखवा त्याला. तिरकी रेघ दाबायची आणि पुढं फायलीचं नाव टाकायचं. यादी येईल. हवी ती निवडा आणि सांगा, ह्यावरून लिही.”

“म्हणजे मीच त्याला ताट वाढायचं?”

“हो. आणि ताटात वाढाल तेच तो खाणार, हे लक्षात ठेवा. ठेवते, नवरी आली.”

जुन्या फायली म्हणजे आमच्याकडं खंडीभर. पूर्वीच्या टायपातल्या त्या सगळ्या नव्या मशिनवर नुसते किडेमुंगे दिसायच्या. भूमिकानं अख्खा पावसाळा बसून त्या वाचण्याजोग्या करून घेतल्या. मी तिरकी रेघ दाबली आणि एका रिटायर झालेल्या हेडमास्तरांचं जुनं मानपत्र निवडलं. म्हटलं, ह्याच्यासारखं केरूचं लिही. त्यानं लिहिलं. केरूनं गावाच्या तीन पिढ्या घडवल्या होत्या, गणितासारखा अवघड विषय सोपा करून शिकवला होता आणि प्रसंगी छडी हातात घेतली तरी अंतःकरण आईचं ठेवलं होतं. किल्लीची छडी कशी झाली ते जावईच जाणे.

तेव्हा वैतागून मी तिरकी रेघ दाबली आणि नुसतं ‘केरू’ टाइप केलं.

यादी उघडली. केरू-१. केरू-२. केरू-३. मी खाली सरकवत गेलो, नावं संपेनात. केरू-४१ ला येऊन यादी थांबली. एक्केचाळीस फायली, सगळे तक्रारी अर्ज, सगळे माझ्या हातचे. जगनचे सगळ्यात जास्त, पण वरच्या आळीचे होते, मधल्या आळीचे होते, एक तर शेजारच्या गावचा होता.

मी म्हटलं, केरूबद्दल लिहिलेलं जगात दुसरं काही नाही, तर हेच दाखवू. आमचा जावई एका वेळी वीसच फायली घेतो, म्हणून तीन पंगती वाढल्या. वीस, वीस, आणि शेवटच्या पंगतीला एकटी एक्केचाळिसावी. प्रत्येक पंगतीला म्हटलं, ह्यावरून केरूचं मानपत्र लिही, चांगलं लिही.

आणि त्यानं लिहिलं.

‘श्री. केरू यांच्या कार्यकाळात गावाला पाण्याबरोबरच दीड फूट लांबीच्या ताज्या जिताड्याचाही पुरवठा झाला. धार सुईत ओवण्याइतकी सूक्ष्म ठेवून त्यांनी काटकसरीचा आदर्श घालून दिला. गावातील पशुधनाशी त्यांचे जिव्हाळ्याचे नाते असून, एका म्हशीने तर त्यांच्या नळाची तोटी आनंदाने ग्रहण केली.’

मी इतका हसलो की शेजारचा चहावाला धावत आला. त्याला वाचून दाखवलं, तर तो हसता हसता किटली माझ्याच दुकानात विसरून गेला. हसू ओसरल्यावर मी पुन्हा रोह्याला फोन केला.

“भूमिका, तुझ्या असिस्टंटला वेड लागलंय. मनाचे मासे घालतोय.”

“बाबा, फायली दिल्यात ना? मग मनाचं नसेल. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा बघा, कुठल्या फायलीतनं घेतलं ते असतं.”

मी चष्मा वर केला. “केरू-१७.”

“ती टाइप कुणी केली?”

मी फोन ठेवला.

चहावाला किटली न्यायला परत आला तेव्हा मी हसत नव्हतो. तीन खेपा. नसलेला मासा दाखवायला उन्हातान्हात पेणला तीन खेपा. चोवीस वर्षं त्या माणसाचं नाव जगननं खराब केलं असं मी समजत होतो. जगन बिचारा बोटाच्या पेराएवढंच बोलला होता.

मग मी कामाला लागलो. दुसऱ्याचं खोटं एक वेळ सुटेल नजरेतून, पण माझं खोटं मी वासावरून ओळखतो. जावयाला सांगितलं, मासा सोड, म्हैस सोड, सुई सोड. ह्या अर्जांतून खरोखर कुठल्या तारखेला काय झालं तेवढं ओळीनं मांड. त्यानं मांडलं. आणि मी एकेक फाइल स्वतः उघडून पडताळत गेलो, कारण ताटातलं त्यानं नीट खाल्लं की नाही हे वाढणाऱ्यानं बघायला हवं.

चोवीस वर्षं मी हे अर्ज एकेक करून टाइप केले होते. एकापुढं एक मांडून कधीच वाचले नव्हते. कोण वाचतो? एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं येतं. आता ते ओळीनं समोर आले आणि मधल्या मधल्या फटींतून केरू दिसायला लागला. पहाटे तीनला पाणी सोडून लोकांची झोपमोड केली, अशी तक्रार होती. त्याच अर्जात खाली होतं की त्या दिवशी मधल्या आळीत लग्न होतं. महापुराच्या वर्षी लाइन वाहून गेली, तेव्हा शेजारच्या गावानं अर्ज केला होता, की आमचा टँकर तुमच्या केरूनं रस्त्यातून पळवून नेला.

दुपार कलली. मला एक शंका आली, आणि ती विचारायची मला भीती वाटली. तरी टाइप केलं: ‘ह्या फायलींपैकी कितीमध्ये पाणी आलंच नाही असं लिहिलं आहे?’

पहिली पंगत. ‘असा उल्लेख आढळला नाही.’

दुसरी पंगत. ‘असा उल्लेख आढळला नाही.’

तिसऱ्या पंगतीला एकटा एक्केचाळिसावा अर्ज बसला होता, गेल्या मे महिन्यातला, जगनचा. त्यात मी काय काय घातलं असेल ते देव जाणे. मी जावयाला विचारलंच नाही. फाइल उघडली आणि पहिल्या शब्दापासून स्वतः वाचली. पाणी उशिरा येते. पाणी गढूळ येते. पाणी येताना असा आवाज येतो की लहान मुले घाबरून आजोळी पळून गेली.

पण येते.

मग मानपत्र मी स्वतः लिहिलं. जावयानं शुद्धलेखन तेवढं बघून दिलं.

रविवारी चारला खारनिवळीच्या मारुतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. केरू पुढं खुर्चीत बसलेला. काटकुळा माणूस, पांढरा सदरा घडीचा, आणि देवळाच्या मंडपात खरोखरच पायात चप्पल. कुणीतरी कुजबुजलं, पण आज त्याला बोलणार कोण? शाल झाली, नारळ झाला, आणि जगननं माइक माझ्या हातात दिला.

“श्री. केरू जोमा ठाकूर,” मी वाचायला लागलो, “आपल्याविरुद्ध गेल्या चोवीस वर्षांत एक्केचाळीस तक्रारी अर्ज झाले.”

मंडपात लोक एकमेकांकडं बघायला लागले.

“भाऊ,” जगन माझ्या कानाशी लागला, “मानपत्र आनायला सांगितलावता, अर्ज नाय!”

“हेच मानपत्र आहे. बस.” मी पुढं वाचलं. “यातील सतरा क्रमांकाच्या अर्जातला जिताडा माझा आहे. तो कधी नळातून आला नाही. त्यापायी आपल्याला तीन खेपा पडल्या, त्याबद्दल मी, टाइप करणारा, सर्वांसमक्ष माफी मागतो.”

“आरं, मग मी खाल्ला काय?” जगन ओरडला, आणि अख्खं देऊळ हसलं. केरू हसला नाही. पण त्याची मान माझ्याकडं वळली.

“बारा क्रमांकाचा अर्ज वरच्या आळीचा,” मी वाचलं. “त्यात म्हटले आहे, केरू खालच्या आळीला दर पाळीला वीस मिनिटे जादा पाणी सोडतो, कारण काय तर तिथे कुणाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. चौदा क्रमांकाचा अर्ज खालच्या आळीचा. त्यात म्हटले आहे, केरू आम्हाला मुद्दाम पाणी कमी सोडतो. हे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यातले आहेत.”

माझ्याशेजारी जगन खुर्चीतून अर्धा उठला.

“कुठलं साल?” त्यानं विचारलं.

मी साल सांगितलं.

“म्हंजे आमची चंद्रावती आलीवती तवा?” तो केरूकडं वळला. “केरू? आमच्या चंद्रावतीसाठी?”

केरू फरशीकडं बघत म्हणाला, “पोराची दुपटी धुवायला पानी लागतं.”

“आन जगन्या, तू त्याच हप्त्यात अर्ज केलास?” बायकांतून एक म्हातारी कडाडली. “लाज कशी नाय रं वाटली!”

“मला काय म्हायती गो काकू! मला तो बोलला काय?”

“बोलला असता तर वरच्या आलीनं त्याला जिता ठेवला असता काय?”

मग वरच्या आळीचे चिडले, की आम्हाला का मध्ये ओढता. पाच मिनिटं नुसता गोंधळ. देवळातला मारुती सोडून सगळे बोलत होते. मी टँकरचं वाचलं. लग्नाचं वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतनं एक बाप्या म्हणाला, “त्या दिवशी माझ्या लग्नाला आंघोळ झाली ती त्या पान्यानं,” आणि लोक म्हणाले, “मग दुसरी कधी झाली?” हसण्यात मला माझाच आवाज ऐकू येईना.

मी थांबलो. सगळे गप्प होईपर्यंत थांबलो. मग शेवटचं वाचलं.

“पाणी उशिरा आले असे एकोणीस अर्जांत आहे. लवकर आले असे चार अर्जांत आहे. कमी आले, गढूळ आले, आवाज करत आले, दुसऱ्याला जास्त आले असे बाकीच्यांत आहे. हे एक्केचाळीस अर्ज मी पुन्हा वाचले. पाणी आलेच नाही, असे एकाही अर्जात लिहिलेले नाही.”

कुणी टाळी वाजवली नाही. ती वाजवायची असते हेच लोक विसरले. बायकांच्या अंगाला धोंडुबाई पदराचं टोक दातात धरून बसली होती आणि तिची नजर केरूच्या पायांवर होती.

केरूनं खाकरून घसा मोकळा केला.

“बेचालीस,” तो म्हणाला.

“काय?”

“अर्ज बेचालीस हायत. सगल्यांचा खुलासा मलाच द्यावा लागला, मला तोंडपाठ हायत. येकदा तुमचं दुकान बंद व्हतं तवा जगननं रोह्यास्नं टाइप करून आनलावता.” त्यानं मान वर केली. “त्याच्यात पन नाय.”

मग त्यानं वाकून चप्पल काढली. आधी डावी, मग उजवी, आणि पायानं खुर्चीखाली सारली. टाळ्यांचा आवाज तेव्हा झाला. इतका झाला की खाडीवरचे बगळे उठून थेट पलीकडच्या गडब गावच्या शेतांत जाऊन बसले, असं मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक त्यानं वितभर लांब धरला.

“उद्यास्नं नितेश पानी सोडनार. पोरगा नवा हाय. पयला म्हयना तरी अर्ज करू नका,” तो म्हणाला आणि खाली बसला.

कार्यक्रम आटपेस्तोवर पेणला जाणारी शेवटची रिक्षा निघून गेली होती. धोंडुबाईनं मला सोडलंही नसतं. जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण होतं.

“अर्जातल्यापरीस बारका हाय,” ती वाढताना म्हणाली, “पन खरा हाय.”

मानपत्राची फ्रेम केरूनं भिंतीला टेकून ठेवली. मला वाचून दाखवायला सांगेल असं वाटलं होतं, पण त्यानं विषयच काढला नाही. विचारलं ते एवढंच, की ते मशीन सगळे अर्ज एकदम कसे वाचतं. मी पंगतीचं सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या सायबाला द्या येक.”

सकाळी मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. उजाडायला लागलं होतं. धोंडुबाई अंगणातल्या नळाखाली हंडे मांडत होती आणि केरू ओट्यावर बसला होता. त्याला चारलाच जाग आली म्हणे. सवयीनं किल्ली घ्यायला खुंटीकडं हात गेला, तर ती आदल्या संध्याकाळीच नितेशकडं दिलेली.

“बसा हितं,” धोंडुबाई म्हणाली. “बगा तरी, आपल्या नलाला पानी कसं येतं ते. येकतीस वरसं तुमी तिकडं किल्ली फिरवायला आन हितं हंडे भरायला मी येकली.”

मला हे सुचलंच नव्हतं. ज्या वेळेला गावाला पाणी येतं, त्या वेळेला हा माणूस कधी घरी नव्हताच.

साडेपाच वाजून गेले. पावणेसहा झाले. खालच्या आळीकडनं जगनचा आवाज आला, नितेशच्या नावानं. धोंडुबाईनंही तोंड उघडलं. “ह्या पोराला येल बगायला येतो का नाय? येवढा टाइम कवा लागतो काय?”

“गप गो,” केरू म्हणाला. “मधल्या आलीचा व्हॉल मिटायचा इसारला आसंल तो.”

तो उठला. ओट्यावरून उतरला, कुंपणापर्यंत गेला. तिथं क्षणभर उभा राहिला आणि परत येऊन नळाजवळ उकिडवा बसला. मान तिरपी करून पायपाला कान लावल्यासारखं ऐकत राहिला.

नळ आधी खोकला. मग त्यानं नुसती हवा सोडली, मग थोडं तांबूस पाणी थुंकलं, आणि मग धार लागली. केरूनं हंडा पुढं ओढला. धारेखाली बोटं धरली, तशीच धरून ठेवली. हंडा भरला, काठावरनं पाणी ओघळून त्याच्या पायांवर यायला लागलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

अंगणात पाणी सांडलेलं धोंडुबाईला कधी खपत नाही. पण तिनं नुसता दुसरा हंडा त्याच्या हाताशी सरकवला.